पाकोळी, पतंग की फुलपाखरू?

चिपळूणजवळच्या एका वाचकांनी फोटोसोबत प्रश्न पाठवला आहे. परसातल्या न्हाणीच्या भिंतीवर सकाळी एक भलं मोठं पाखरू बसलेलं दिसलं. रंग तांबूस तपकिरी, पंखांवर काचेसारखे पारदर्शक त्रिकोण आणि वरच्या पंखांच्या टोकांना सापाचं डोकं काढल्यासारखी नक्षी. दिवसभर जागचं हललं नाही. सासूबाई म्हणाल्या पाकोळी, मुलगा म्हणाला पतंग आणि शेजाऱ्यांनी ‘जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू’ म्हणून फोटो गावभर फिरवला. यांतलं बरोबर कोण?

जीव ओळखायला सोपा आहे. हा अ‍ॅटलास पतंग. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत वीतभर सहज भरतो, काही त्याहून मोठे असतात. पावसाळ्यात कोकणात तो दिसला की दरवर्षी बातमी होते आणि मथळ्यात बहुतेक वेळा ‘दुर्मीळ फुलपाखरू’ असतं. शास्त्राच्या हिशोबाने ते चूक. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या असतात. फुलपाखरू बसलं की बहुधा पंख पाठीवर मिटून उभे धरतं, पतंग ते आडवे पसरतो किंवा अंगावर छपरासारखे टाकतो. दुसऱ्या खुणेला अपवाद बरेच आहेत, म्हणून आधी मिशा बघाव्यात. आकारावर तर जाऊच नये: दक्षिण कोकणात दिसणारं सदर्न बर्डविंग हे अस्सल फुलपाखरूही जवळजवळ 19 सेंटिमीटरपर्यंत जातं.

पण प्रश्न शब्दांचा आहे, आणि तिथे सासूबाईंना चूक ठरवणं अवघड आहे.

संस्कृतातल्या ‘पक्ष’पासून मराठीत पंख आला, पाख आला, पाखरू आलं. पाखरू म्हणजे पंख असलेलं काहीही. पिंजऱ्यातलं पाखरू पक्षी असतं आणि पहिल्या पावसानंतर दिव्यावर येतात तीही पाखरंच. मागे ‘फुल’ लागलं तेव्हा कुठे अर्थ आवळला. (लिहिताना ‘फुल’ ऱ्हस्वच: फुलबाग, फुलदाणी, फुलपाखरू.) पाकोळीचंही तसंच. पक्षिनिरीक्षकांची पाकोळी म्हणजे पुलांखाली, जुन्या घुमटांत घरटी करणारा, सतत उडत राहणारा छोटा काळा पक्षी. घरातल्या बायकांची पाकोळी म्हणजे फुलपाखरू. आणि ही काही निव्वळ गावाकडची बोली नव्हे. महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं (असं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य), तेव्हा त्याचं मराठी नाव म्हणून सगळीकडे ‘राणी पाकोळी’ छापून आलं. आता ‘नीलवंत’ रुळतंय. नाव देखणं आहे, पण मला राणी पाकोळी जास्त आवडतं. त्यात ती उडताना दिसते.

पतंगाची गोष्ट निराळी. पत् म्हणजे उडणे, पडणे. त्यातून पतंग. संस्कृतात हा शब्द पक्ष्यालाही लागतो आणि सूर्यालाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात ज्वाळेत वेगाने झेपावणारे पतंग आहेत, आणि मराठीच्या मनात बसला तो हाच, दिव्यावर झडप घालून जळणारा. त्यामुळे पतंग म्हटलं की आपल्याला एक करडा, क्षुद्र, रात्रीचा किडा आठवतो. वीतभर नक्षीदार जिवाला तो शब्द लावायला जीभ कचरते, आणि माझ्या मते फोटो ‘फुलपाखरू’ म्हणून फिरतात ते अज्ञानाइतकेच या संकोचामुळे. वास्तविक गडचिरोली-भंडाऱ्याकडचं टसर रेशीम ज्याच्या कोशातून निघतं तो पतंग याच कुळातला. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्र पतंगही यांचाच भाऊबंद. देखणेपणात ही मंडळी कुणाला हार जाणार नाहीत.

गंमत म्हणजे ‘फुलपाखरू’ या शब्दाचा पहिला अर्धा भागच याला लागू पडत नाही. अ‍ॅटलास पतंगाला कामाचं तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर तो थोडे दिवस काढतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. फुलाशी त्याचा संबंध येतच नाही.

तेव्हा नोंद करायची असेल, शाळेत सांगायचं असेल तर अ‍ॅटलास पतंग म्हणा. घरात पाकोळी चालेल, ती व्याख्या नाही, हाक आहे. पाखरू तर कुणालाच अडवत नाही. एक बारकावा मात्र सांभाळा: तो पतंग, ती पाकोळी, ते फुलपाखरू. एकाच जिवावर बोलताना तिन्ही लिंगं हाताशी असल्यामुळे ‘मोठी पतंग बसलंय’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. अनेकवचनात पाकोळ्या आणि फुलपाखरं बदलतात, पतंग मात्र पतंगच राहतात.

तुमच्या फोटोत मिशा अरुंद दिसतात. नराच्या त्या चांगल्या रुंद, भरगच्च पिसासारख्या असतात, तेव्हा ही मादी असावी. दालचिनीच्या पानांवर या पतंगाच्या अळ्या वाढतात. तुमच्याकडे झाड असेल तर पानांची खालची बाजू एकदा बघा, अंडी तिथेच घातलेली असतात.