वाचक विचारतात : दादर ते परळ, बेस्टच्या बसने

प्रश्न : आईवर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार सुरू व्हायचे आहेत. अमरावती–मुंबई गाडीने दादरला उतरून तेथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याचा आमचा विचार आहे. रोजची टॅक्सी परवडणारी नाही आणि लोकलच्या गर्दीची आईला धास्ती वाटते. रुग्णालयात बसने जाणे जमेल काय? मामेभाऊ मालाडला राहतो, त्याच्याकडेही बसनेच जाता येईल काय?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी तालुका, जि. अमरावती

उत्तर : रुग्णालयापर्यंत बसने जाणे जमेल आणि आजारी माणसासाठी तेच बरे, मालाडसाठी मात्र बसचा आग्रह धरू नये. तुमच्याच तालुक्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची ही धर्मशाळा दादर पूर्वेला आहे आणि टाटा रुग्णालयही रेल्वेच्या त्याच बाजूला असल्यामुळे मधला एकही रेल्वेपूल ओलांडावा लागत नाही. अंतर सुमारे तीन किलोमीटरच आहे, पण आपल्याकडे एस.टी. तेवढ्या अंतराला जितका वेळ घेते तो हिशेब येथे मनात धरू नये. सकाळी रस्ता मोकळा असताना थोड्याच वेळात पोहोचवणारी बस दहा वाजता त्याच रस्त्यावर कितीतरी पट वेळ घेते. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी साचले, तर सगळाच अंदाज चुकतो. म्हणून तपासणीची वेळ उशिराची असली तरी निघावे लवकरच.

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला लोक ‘दादर टीटी’ म्हणतात. पत्ता विचारताना हेच नाव घ्यावे. तेथून डॉ. आंबेडकर मार्गाने लालबागकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात, परंतु त्यांतील प्रत्येक गाडी टाटाच्या दारावरून जात नाही. सरळ जाणाऱ्या गाडीतून परळला उतरले, तर पुढे बरेच चालावे लागते, आणि केमोथेरपी घेतलेल्या माणसाला ते चालणेच जड जाते. त्यामुळे चढण्यापूर्वी ‘परळला जाते का’ असे न विचारता ‘टाटा हॉस्पिटलला थांबते का’ असेच विचारावे. धर्मशाळेत आधीपासून राहणाऱ्या इतर रुग्णांच्या नातेवाइकांना गाड्यांचे क्रमांक आणि परतीचा थांबा नेमका कोठे आहे, हे पाठ असते. एकेरी वाहतुकीमुळे परतीची बस कधीकधी वेगळ्याच रस्त्यावरून मिळते, म्हणून परतीचा थांबा विचारून घेणेही गाडीच्या क्रमांकाइतकेच महत्त्वाचे आहे.

शक्य असेल तेथे बस जिथून सुटते तिथूनच ती धरावी, कारण आईला बसायला जागा मिळण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे. मधल्या थांब्यावर बस भरलेलीच येते. एकेकाळी मुंबईची शहर बससेवा चालवणाऱ्या बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या, आता ती संख्या तीन हजारांच्याही खाली आली आहे, तेव्हा थांब्यावरची रांग लांबली यात नवल नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपल्याकडची रीत तेथे चालत नाही. दोन दारांच्या गाडीत चढण्याचे दार वेगळे आणि उतरण्याचे वेगळे असते, तर लहान गाड्यांना एकच दार असते. ‘मर्यादित’ असे लिहिलेली गाडी मोजक्याच थांब्यांवर थांबते आणि दोन थांब्यांच्या मध्ये तर कोणतीच बस विनंती करूनही थांबत नाही. ‘चलो’ या मोबाइल अॅपवर बस कोठपर्यंत आली ते दिसते, त्यामुळे आईला उन्हात उभे न ठेवता जवळच सावलीत बसवता येईल.

भाड्याबाबत गावात कोणी पाच रुपये सांगितले असतील, तर तो दर जुना आहे. मे २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरला साध्या बसचे १० आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये पडतात. सुटे पैसे जवळ असू द्यावेत. एका गाडीचे तिकीट दुसरीत चालत नाही. दिवसभर चढउतार असेल तर दिवसाचा पास घ्यावा.

आता मालाड. मुंबई उत्तर–दक्षिण लांब पसरलेली असून तिचे लोहमार्गही मुख्यतः त्याच दिशेने धावतात. लांबीचा प्रवास लोकलने आणि स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास बसने, अशी विभागणी मुंबईकर करतात, आणि ती योग्यच आहे. दादरहून मालाडपर्यंत केवळ बसने जायचे म्हणजे आईला अर्धा दिवस धुरात बसवणे होय. सकाळची मुख्य गर्दी दक्षिणेकडे आणि संध्याकाळची उत्तरेकडे असते. तेव्हा मालाडला सकाळी उशिरा किंवा दुपारी जावे. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाची कागदपत्रे मात्र सोबत असावीत.

तुम्हाला एकट्याला औषधांसाठी वा अन्य कामासाठी पश्चिमेकडे, प्रभादेवी–वरळीच्या बाजूला जावे लागले, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल शिवडी–वरळी उन्नत मार्गाच्या कामासाठी १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद करण्यात आला आणि त्याचा भार दादरच्या टिळक पुलावर व करी रोडच्या पुलावर पडला. अशा वेळी बसमध्ये बसून पुलाची कोंडी सोसण्यापेक्षा दादर स्थानकाच्या पादचारी पुलावरून पायी पश्चिमेला जाऊन तेथून बस धरणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न : एस.टी.त मला अर्धे तिकीट लागते आणि सासूबाईंचे वय ७५ च्या वर असल्याने त्यांना लागतच नाही. मुंबईच्या बसमध्येही असेच आहे काय?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. महिलांची ५० टक्के सवलत (मार्च २०२३ पासून) आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास (ऑगस्ट २०२२ पासून) या राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांपुरत्या योजना आहेत. बेस्ट हा महामंडळाहून वेगळा, मुंबई महानगरपालिकेचा उपक्रम आहे. तेथे दोघींचीही तिकिटे काढावीत. महिलांसाठी व ज्येष्ठांसाठी राखीव आसने मात्र असतात, तेव्हा सासूबाईंसाठी त्यांपैकी एक आसन संकोच न करता मागून घ्यावे.