दोन एल्फिन्स्टन आणि एक ‘लॉर्ड’

प्रश्न असा आला आहे: मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजवाले एल्फिन्स्टन आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनवाले एल्फिन्स्टन एकच ना? आणि ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ म्हटलं तर चालेल ना?

एकच नव्हेत, काका-पुतणे. कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याच्या पेशवे दरबारातले रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे वकील, १८१७ च्या खडकीच्या लढाईआधी ज्यांना संगमावरची रेसिडेन्सी सोडावी लागली आणि मागे ती जाळली गेली, तेच. १८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. स्टेशनला नाव मिळालं ते त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलावरून, जॉन यांच्यावरून. हे १८५३ ते १८६० गव्हर्नर होते, म्हणजे सत्तावनचा उठाव यांच्या कारकिर्दीतला. २०१८ मध्ये स्टेशनचं प्रभादेवी झालं, तरी तिकीट मागताना जुनं नाव तोंडात येणारे अजून भेटतात.

आता ‘लॉर्ड’. जॉन हे तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, त्यांना तसं म्हणणं बरोबरच. माउंटस्टुअर्ट मात्र अकराव्या लॉर्डांचे धाकटे चिरंजीव. किताब थोरल्याकडे गेला, हे शेवटपर्यंत नुसते एल्फिन्स्टनच राहिले. आपल्याकडे गव्हर्नर दिसला की लॉर्ड चिकटवायची सवय आहे, त्यामुळे मराठी लेखांत बिचारे उगाच लॉर्ड होऊन बसतात. इथे आडनाव आणि किताब एकच असल्यानं घोळ आणखी वाढतो.

मूळ पाहिलं तर हे गावावरून पडलेलं आडनाव, आपल्या ‘-कर’वाल्यांसारखं. एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं गाव आहे. १४९५ मध्ये ॲबर्डीनचं विद्यापीठ स्थापणारे बिशप विल्यम एल्फिन्स्टन याच आडनावाचे. १८१५ मध्ये सेंट हेलेनाला पाठवत असल्याचा निर्णय नेपोलियनच्या कानावर घालणारे ॲडमिरल लॉर्ड कीथ म्हणजे जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टांचे सख्खे काका. इथे लॉर्डपणाचं नाव वेगळं, म्हणून आडनाव लपून जातं.

सगळ्यांत विलक्षण योग काबूलचा. १८०९ मध्ये माउंटस्टुअर्ट कंपनीचे वकील म्हणून अफगाणांचा राजा शाह शुजाला भेटले, तेही पेशावरात. काबूल त्यांनी पाहिलंच नाही, पण त्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तीस वर्षांनी इंग्रजांनी त्याच शुजाला काबूलच्या गादीवर बसवलं, आणि तिथल्या फौजेची सूत्रं पुढे आली माउंटस्टुअर्टांच्या चुलतभावाकडे, जनरल विल्यम एल्फिन्स्टनकडे. वॉटर्लूला लढलेला हा माणूस तोवर आजारानं खचला होता. जानेवारी १८४२ च्या माघारीत फौज कापली गेली आणि एप्रिलमध्ये तो अफगाणांच्या कैदेत वारला. इंग्रजी पुस्तकात पहिलं नाव न देता ‘एल्फिन्स्टन’ आणि ‘काबूल’ शेजारी दिसले, तर आधी साल बघा.

उच्चाराचंही सांगून टाकतो. शेवट ‘स्टोन’ नाही, ‘स्टन’. आपल्या लोकलमधल्या लोकांनी तो पहिल्यापासून बरोबर केला आहे.