दह्याचा डबा आणि इन्सुलिन

प्रश्न : काका, मंगळवार पेठेत सासऱ्यांचं मेडिकल आहे. ते थकल्यापासून मीच बघते, डी.फार्म. आहे, लायसन्सवर नाव माझंच. मागच्या आठवड्यात औषध निरीक्षक आले तेव्हा मी जेवायला वर घरी गेले होते, काउंटरवर पोऱ्या. त्यांनी काउंटरखालचा एक्स्पायरीचा बॉक्स काढला, फ्रिज उघडला (आत आमचा दह्याचा डबा होता), एच-वन रजिस्टर (ठरावीक प्रतिजैविकं, झोपेची-दुखण्याची औषधं कुणाला विकली त्याची नोंदवही) चाळलं, ते पंधरा दिवस कोरं. खोकल्याच्या औषधाचा नमुना घेऊन, शेरे लिहून गेले. शेजारी म्हणतात दुकान बंद होणार. त्या बॉक्सपायी झोप नाही. काय करू?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही नेमक्या चुकीच्या गोष्टीची धास्ती घेतलीय. एक्स्पायरीचा माल स्टॉकिस्टकडं परत जाईपर्यंत दुकानात राहणारच. तो विक्रीच्या मालापासून वेगळा हवा आणि बॉक्सवर ठळक ‘विक्रीसाठी नाही’ हवं, एवढंच. मार्कर घ्या, लिहा, झोपा.

झोप उडायची तर त्या फ्रिजनं उडायला हवी. इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. दह्यासाठी दिवसातून दहा वेळा दार उघडलं की ते टिकत नाही, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली बाटली गोठली तर ती गेलीच. 2019 च्या पुरात आमच्याकडं लाईट गेली तेव्हा मी एक बाटली उजेडात धरून बघितली. साधं इन्सुलिन, पाण्यासारखं नितळ. बिघडलंय की नाही, कळायला मार्ग नाही. सगळी बाजूला काढली. तोटा झाला, सौ. आठवडाभर बोलल्या नाहीत. थर्मामीटर लावा, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. दही वर घरात.

दुसरं, पोऱ्या. चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, आणि वरच्या मजल्यावरून देखरेख होत नाही. ‘फार्मासिस्ट जेवायला, अडीचला या’ अशी पाटी लावा. गिऱ्हाईक कुरकुरेल, पण येईल.

रजिस्टर मात्र मागच्या तारखा टाकून भरू नका. मी एकदा भरलं होतं. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं पान तिरकं धरून शाई बघितली. महिनाभराच्या नोंदी, एकच पेन, एकच हात! अल्प्राझोलम, ट्रॅमाडॉल, सेफिक्झिम अशा एच-वन औषधांची विक्री बिलांवरून काढा आणि आजची तारीख टाकून ‘उशिरा नोंद’ असं सरळ लिहा. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

शेरे म्हणजे शिक्षा नव्हे. लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याआधी कारणे दाखवा नोटीस येते, तुमचं म्हणणं मांडता येतं. म्हणून काय सुधारलं ते आत्ताच लेखी कळवा, पोच घ्या. ‘सासरे आजारी होते’ वगैरे लिहू नका, ते मलाही पटत नाही.

आणि नमुना घेतला म्हणजे माल बनावट ठरला असं नाही. त्याचे चार भाग करतात, त्यातला एक सीलबंद तुमच्याकडं ठेवलेला असेल. तो फोडू नका, आणि पोऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर तो विकायचा! त्या बॅचचं खरेदी बिल आजच शोधून त्याच्याशेजारी ठेवा. माल कुणाकडून घेतला, हा पहिला प्रश्न तुम्हालाच येणार आहे.