श्वास कापू नकोस, खाली आण

अगं पोरी,

तू वाचलेल्या पुस्तकाच्या दोन्ही फायली हेडफोन लावून ऐकल्या. एकीत श्वास जसेच्या तसे, दुसरीत जवळजवळ सगळे कापलेले. पहिलीवर काम देणारा म्हणाला, ‘श्वास फार ऐकू येतात’. दुसरीवर तोच म्हणाला, ‘यंत्र बोलतंय’. आणि तू हवालदिल. अगं, त्याची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. ‘काप’ असं तो कुठे म्हणाला? ते तुझं तूच ठरवलंस.

श्वास कापायचा नसतो, खाली आणायचा असतो, म्हणजे त्याचा आवाज कमी करायचा.

दुसऱ्या फाईलमधलं ‘घर केव्हाचं रिकामं आहे’ हे वाक्य परत ऐक. ‘आहे’मधला ‘हे’ गेलाय, नुसता ‘आ’ उरलाय. तू नॉइज गेट, म्हणजे ठरवलेल्या रेषेखालचा आवाज बंद करणारं साधन, उणे ४० डेसिबलवर लावलास (शून्य म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे जितकं जास्त तितका लहान). आपली निम्मी वाक्यं ‘आहे’, ‘होते’, ‘नाही’वर संपतात आणि तिथे आवाज पडतो. तो पडलेला ‘हे’ गेटच्या रेषेखाली गेला, आणि त्यानंतर तू जोरात घेतलेला श्वास मात्र वरून निघून गेला. गेटला श्वास कळत नाही, पातळी कळते. श्वास ओळखणाऱ्या प्लगइनचीही (सॉफ्टवेअरला जोडायच्या पुरवणीची) वेगळी गोची आहे. ह, ख, भ, फ यांचा पोत श्वासासारखाच असतो. व्याकरणाने ख-भ-हला महाप्राण म्हटलंय ते उगाच नाही. ‘म्हणाला’चा ‘मणाला’ झाला की पुस्तक ऐकणारा थांबतो.

दुसरा घोटाळा पोकळीचा. तुझ्या खोलीची शांतता उणे ६० डेसिबलच्या आसपास असेल, पण ती शांतता आहे, शून्य नाही. श्वासाच्या जागी म्यूट केलंस की खोलीच गायब होते आणि पुढच्या शब्दाबरोबर परत येते. स्पीकरवर लक्षात येत नाही, हेडफोनवर दर वाक्याला जाणवतं. काही ठिकाणी तर तू तुकडा काढून पुढचं मागे ओढलंस. पाऊण सेकंदाच्या विरामातून अर्ध्या सेकंदाचा श्वास गेला, उरला पाव सेकंद. वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडणारच.

आता हाताने कर. ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्वास निवड. शब्दाचा शेवट आणि पुढच्या शब्दाची सुरुवात, दोन्ही सोडून. झेड दाब, म्हणजे निवडीच्या कडा शून्य-छेदावर (ध्वनिलहर शून्य रेषा ओलांडते तिथे) बसतील आणि टिचकी येणार नाही. मग आवाज कमी-जास्त करणाऱ्या अँप्लिफायमध्ये उणे ८ डेसिबल. पुढच्या श्वासाला कंट्रोल-आर, तोच परिणाम पुन्हा लागतो. फारच मोठा असेल तर उणे १२, त्यापलीकडे जाऊ नकोस. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करत असशील तर तुकडा तोडून त्याचा गेन (आवाजाची पातळी) उतरव आणि कडांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (हळूहळू चढ-उतार) दे. आरएक्स या आवाज सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरचं ब्रेथ कंट्रोल हाताशी असेल तर ‘टार्गेट’ नको, ‘गेन’ मोड घे. टार्गेटमध्ये सगळे श्वास एकाच पातळीवर येतात. लांब वाक्याआधीचा मोठा श्वास मोठाच राहिला पाहिजे, फक्त खालच्या मजल्यावर.

आणि कितीने खाली, हे कच्च्या फाईलवर ठरवू नकोस. हिशेब बघ: कच्चा आवाज सरासरी उणे ३०, श्वास उणे ४५. ऑडिबलच्या एसीएक्सची (ऑडिओबुकं जिथे द्यायची त्या सेवेची) अट सरासरी उणे २३ ते उणे १८ची. तू आवाज १० डेसिबलने उचललास, श्वासही उणे ३५वर आला. वर कॉम्प्रेसर. तो फक्त मोठ्या आवाजाला दाबतो, श्वासाला हातही लावत नाही, आणि नंतरच्या मेकअप गेनने, म्हणजे दाबल्याची भरपाई करणाऱ्या वाढीने, दोघांना सारखंच उचलतो. म्हणजे अंतर आणखी कमी. म्हणून श्वास उतरव कॉम्प्रेसरच्या आधी, पण ऐक कॉम्प्रेसर चालू ठेवून.

खरं तर निम्मं काम माइकसमोरच होतं, आणि तिथे तू आळस करतेस. माइक तोंडापासून एक वीत, समोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने जरा तिरका. श्वास घेण्याआधी जबडा सैल सोडून तोंड ‘आ’ इतकं उघडं ठेव. मिटलेले ओठ ऐन वेळी उघडलेस की ‘टच्’ आणि मागोमाग ‘स्स’ येतो. नाकाने ओढलास तर सुरसुर येते, ती उतरवूनही घाण वाटते. संहितेवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा कर. कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये चुकून घेतलेला श्वास कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही, ते वाक्य पुन्हा वाच.

पूर्ण काढायचे श्वास मोजके: फाईलमधल्या पहिल्या शब्दाआधीचा, शेवटच्या शब्दानंतरचा, फोनवरच्या ‘एक दाबा, दोन दाबा’मधले, आणि वीस सेकंदांच्या जाहिरातीतले, कारण तिथे श्वासाला वेळच विकत घेतलेला नसतो. पण तिथेही म्यूट नाही. रेकॉर्डिंग संपलं की उठायच्या आधी तीस सेकंद गप्प बस, ती खोलीची शांतता साठव आणि श्वासाच्या जागी तेवढ्याच लांबीची चिकटव.

म्हणशील, तासाच्या ऑडिओला असं बसले तर दिवस जाईल. जातो. आमच्या पिढीने गेटच्या भरवशावर बरीच पुस्तकं उरकली आणि ती आज ऐकवत नाहीत, म्हणून हा हट्ट. जुन्या वळणाचा म्हण हवं तर. पण रडणाऱ्या बाईच्या संवादातला अडकलेला श्वास उणे २ डेसिबलनेसुद्धा हलवायचा नाही, यावर मी कुणाशीही भांडेन. तुझ्या फाईलमधल्या आईच्या प्रसंगातून तू तोच काढून टाकलायस.

दुसरी फाईल फेकून दे. पहिलीची फक्त सुरुवातीची दोन मिनिटं वर सांगितल्यासारखी कर, सोबत तिचीच कच्ची फाईल जोड, नि रविवारच्या आत पाठव. दाबून लहान केलेली एमपी३ नको, वेव्ह (न दाबलेली फाईल).