सहा जण, त्यात दोघे सत्तरीचे : डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाचं बुकिंग खरंच दोन महिने आधी करावं लागतं का? सवलत कुठे मिळते?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं : २० मेपासून सहा रात्री फ्लोरिडात, डिस्नेच्याच हॉटेलात मुक्काम. तुम्ही दोघं, सत्तरीचे आई-वडील, आठ वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. सगळे शाकाहारी, आई-वडील अंडंही खात नाहीत. मी टँपाला राहते, इथून गाडीने सव्वा-दीड तासावर. गेल्या अकरा वर्षांत आई-बाबा, सासू-सासरे, नणंदेचं कुटुंब असे सगळे नाशिकहून येऊन गेले आणि प्रत्येकाला घेऊन मी तिथे गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बुकिंग. हो, बसून जेवायच्या हॉटेलांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी हेच १८० दिवस होतं. २०२० मध्ये डिस्नेची मनोरंजन उद्यानं जवळजवळ चार महिने बंद राहिली, त्यानंतर ६० झालं. जुने लेख आणि व्हिडिओ बघून लोक अजून सहा महिने आधीपासून घाबरतात, तसं करू नका. तुम्ही डिस्नेच्या हॉटेलात उतरताय, त्यामुळे तुमचा एक मोठा फायदा आहे : चेक-इनच्या ६० दिवस आधी तुम्हाला पूर्ण मुक्कामाचं (जास्तीत जास्त दहा दिवसांचं) बुकिंग एकाच दिवशी करता येतं. बाहेर उतरलेल्यांना एकेका दिवसाची वाट बघावी लागते. २० मेचे ६० दिवस मागे मोजले की २१ मार्च येतो. त्या दिवशी ऑनलाइन बुकिंग तिथल्या सकाळी सहाला उघडतं, म्हणजे भारतात दुपारी साडेतीन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणून साडेतीन. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी साडेचार धरावेत.

त्या दिवशी साडेतीनला धावपळ नको असेल तर तीन गोष्टी आधीच करून ठेवा. डिस्नेच्या अ‍ॅपवर खातं काढून हॉटेलचं बुकिंग त्याला जोडा. ते जोडलेलं नसेल तर पूर्ण मुक्कामाच्या तारखा उघडत नाहीत. त्याच खात्यात सहाही जणांची नावं घाला, अडीच वर्षांच्या बाळाचंसुद्धा, कारण टेबलाच्या संख्येत बाळही मोजायचं असतं. तिसरं कार्डाचं. बुकिंगला पैसे लागत नाहीत, पण बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डाचा नंबर द्यावा लागतो. भारतात बँका कार्ड देताना परदेशी व्यवहार बंद ठेवतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच चालू करायचे असतात. ते आदल्या दिवशीच करा. नणंदेचं कार्ड ऐन वेळी नाकारलं गेलं होतं, आणि ती बँकेशी फोनवर बोलत असताना सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाचं टेबल गेलं.

आणि हे बुकिंग करून देण्याचे कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. ते फुकट आहे आणि तुम्हाला स्वतःला जमण्यासारखं आहे.

टेबल रद्द करायचं असेल तर जेवणाच्या बहुतेक हॉटेलांत वेळेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. तोवर रद्द केलं नाही आणि गेलाही नाहीत, तर माणशी १० डॉलर कापले जातात. आगाऊ पैसे भरून होणारे कार्यक्रम आणि काही खास हॉटेलं यांचे नियम कडक आहेत, ते बुकिंग करताना समोर दिसतात, तेवढे वाचा. या दोन तासांच्या नियमाचा उलटा उपयोगही होतो. लोक आदल्या रात्री आणि त्याच दिवशी बुकिंगं सोडतात, म्हणून २१ मार्चला न मिळालेलं टेबल आदल्या संध्याकाळी पुन्हा शोधा. मला अनेकदा असंच मिळालंय. सहाचं टेबल दिसत नसेल तर चार आणि दोन असं शोधा, फक्त दोन्ही टेबलं शेजारी मिळतीलच असं धरू नका.

आता मला खरं सांगायचंय ते. टेबल कशासाठी बुक करायचं, हे आधी ठरवा. सवलतीचा विचार त्यानंतर. मे महिन्यात डिस्ने वर्ल्ड आहे त्या ऑर्लँडोत पारा तिशी ओलांडतो, हवा दमट असते आणि महिन्याच्या शेवटी दुपारच्या गडगडाटी सरी सुरू होतात. सत्तरीच्या माणसाला त्या वेळी पदार्थापेक्षा जास्त गरज असते ती तासभर गारव्यात खुर्चीवर टेकण्याची. बाबांना पहिल्या खेपेला मी दुपारी दोनला उन्हातल्या रांगेत उभं केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी दिवसाला एकच टेबल बुक करते, दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. बारा-साडेबाराची गर्दी ओसरलेली असते, त्यामुळे ही वेळ मिळतेही सहज. रात्रीचं हवं असेल तर अमेरिकन कुटुंबं साडेपाच-सहालाच जेवतात. आपल्या सवयीची आठची वेळ बरेचदा मोकळी असते.

तुमच्या कुटुंबासाठी मी पहिलं बुकिंग ‘सना’ या उपाहारगृहाचं करीन. ते डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या मुक्कामाच्या हॉटेलातल्या किदानी व्हिलेज भागात आहे. उद्यानाच्या बाहेर, हॉटेलात, त्यामुळे तिकीट लागत नाही आणि विश्रांतीच्या दिवशी जाता येतं. स्वयंपाक आफ्रिकेचा, पण मसाल्यांवर भारताची छाप. तिथली ‘ब्रेड सर्व्हिस’ मागवा : नान, कुलचा, पराठा अशा निवडलेल्या रोट्या आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या, लोणची, रायतं. सासूबाईंनी अमेरिकेत पहिल्यांदा पोटभर आणि समाधानाने जेवण केलं ते इथे. खिडकीबाहेर कुरणात जिराफ आणि झेब्रे चरत असतात, म्हणून उजेडातली वेळ घ्या. मेमध्ये सूर्य आठच्या सुमारास मावळतो, तेव्हा संध्याकाळी सहाच्या आत बसलात तर मुलांना सगळं दिसेल.

दुसरं एपकॉट या डिस्नेच्या उद्यानातलं ‘गार्डन ग्रिल’. हे अख्खं उपाहारगृह हळूहळू गोल फिरतं आणि चिप, डेल, मिकी ही कार्टून पात्रं तुमच्या टेबलापाशी येतात. मुलांना रांगेत उभं न राहता मिकी भेटतो, आजी-आजोबांना बसल्या जागी नातवंडांचे चेहरे बघता येतात. एकाच दरात हवं तेवढं वाढतात आणि शाकाहारी ताट मागून घेता येतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाबद्दल तुम्ही खास विचारलंय. दुपार-रात्रीच्या जेवणाचे मोठ्या माणसामागे ७० डॉलरच्या पुढे धरा, कर आणि टिप वेगळी. मुलीला राजकन्यांचं वेड असेल तरच, आणि तेही तुमच्यापैकी एकाने तिला घेऊन जावं. सहा शाकाहारी माणसांनी तिथे तेवढे पैसे घालणं मला पटत नाही.

अंड्याबद्दल : मेनूवर पानाचं चिन्ह दिसलं की त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध काहीच नसतं. आई-वडिलांसाठी ती सर्वांत सोपी खूण. बसून जेवायच्या ठिकाणी वाढप्याला स्पष्ट सांगा, तो आत विचारून येतो. कांदा-लसूण नको असेल तर तेही न बिचकता सांगा, मी आजवर कुणाला कंटाळलेलं पाहिलं नाही.

आता सवलत. तुम्हाला कुणीतरी २० टक्क्यांच्या सदस्यत्वाबद्दल सांगितलंय. ते इथल्या रहिवाशांसाठी आणि वार्षिक पासधारकांसाठी होतं आणि करोनानंतर बंदच झालं. आता ठरावीक हॉटेलांत जेवणावर साधारण १० टक्के सूट मिळते, ती वार्षिक पास, डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचं सदस्यत्व किंवा अमेरिकेतल्या बँकेचं डिस्ने कार्ड असणाऱ्यांना. भारतातून आठवड्यासाठी येणाऱ्याला यातलं काही लागू होत नाही. अमेरिकेत तुमचे कुणी नातेवाईक असतील आणि त्यांच्याकडे टार्गेट या दुकानाचं कार्ड असेल, तर डिस्नेचं गिफ्ट कार्ड त्यांच्याकडून घ्या. ५ टक्के तिथेच सुटतात आणि ते कार्ड डिस्नेच्या हॉटेलांत चालतं. शिवाय भारतातल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकी चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतं आणि त्यावर जीएसटी. हे शुल्क नसलेलं कार्ड घेऊन आलात तर तेवढी सूट तुम्ही घरूनच आणली.

‘डायनिंग प्लॅन’, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरायची डिस्नेची योजना, घ्यायचा का? जानेवारी २०२४ पासून तो पुन्हा सुरू झालाय. मुख्य प्लॅनमध्ये रात्रीमागे प्रत्येकाला एक बसून जेवण, एक काउंटरवरचं जेवण, एक खाऊ आणि मुक्कामभर हॉटेलात भरून घ्यायचा पेयाचा मग मिळतो. मोठ्या माणसाला रात्रीमागे ९० डॉलरहून जास्त पडतात. चार मोठी माणसं, सहा रात्री म्हणजे २,१६० डॉलरच्या वर, आणि टिप त्यात नाही. दहा वर्षांपासून पुढे मोठ्यांचा दर. शिवाय तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, आईसाठी नको असं म्हणता येत नाही. २०२६ मध्ये मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ वयाच्या मुलांना तो मोफत आहे, पण एका मुलीच्या मोफत जेवणासाठी चार मोठ्यांचे पैसे भरायचे का, हे बघा. शाकाहारी पदार्थ मेनूवर स्वस्त असतात आणि प्लॅनमधलं एक जेवण महागडा स्टेक घेतला तरी खर्ची पडतं आणि भाजीची वाटी घेतली तरी तेवढंच. त्यात एकवीस वर्षांवरच्यांना जेवणासोबत एक मद्य धरलेलं असतं, तेही तुमच्या घरात कुणी घेणार नाही. माझे सासू-सासरे दोघं मिळून दिवसाला ५० डॉलरचंही खात नव्हते. मी तुमच्या जागी असते तर घेतला नसता.

त्याऐवजी घरचं न्या. उद्यानात खाणं नेऊ देतात. काचेची भांडी, गरम करावे लागणारे पदार्थ आणि उग्र वासाचं काही चालत नाही, एवढंच. आम्ही दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि गूळपोळ्या नेतो. लोणच्याची काचेची बरणी मात्र गेटवरच अडेल, प्लास्टिकच्या डबीत भरा. काउंटरच्या ठिकाणी बर्फ घातलेलं पाणी फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका. काउंटरवर मुलांचं ताट मोठ्या माणसालाही मागवता येतं, आईला तेवढं पुरतं. तिथली ऑर्डर अ‍ॅपवरून आधीच द्या, म्हणजे तुम्ही आणायला जाईपर्यंत आई-बाबा सावलीत बसतील.

बिलाबद्दल एक. सहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलातच लावलेली असते. खाली पुन्हा टिपसाठी रिकामी ओळ असते, ती भरायची गरज नाही. सासऱ्यांनी भलेपणाने ती भरली होती आणि एका जेवणाची टिप दोनदा गेली. किमतींवर साधारण साडेसहा-साडेसात टक्के विक्रीकरही लागतो, मेनूवरच्या आकड्यात तो नसतो.

मुलाचा तिसरा वाढदिवस कधी आहे ते तपासा. तीन वर्षांखालच्यांना बुफेत आणि मिकीसोबतच्या जेवणात पैसे पडत नाहीत, उद्यानाचं तिकीटही लागत नाही. वाढदिवस मुक्कामाच्या आधी येत असेल तर हिशोब बदलेल. आणि चेक-इन २० मेच आहे ना, हे हॉटेलच्या कागदावर बघून मला इथे कळवा. उद्यानं कोणत्या दिवशी कोणती करताय तेही लिहा, म्हणजे २१ मार्चला कुठलं टेबल आधी धरायचं तो क्रम मी लावून देते.