आईला इन्सुलिन चालू आहे. नाशिकहून लंडनला नेताना काय काळजी घ्यावी?
सगळ्यात आधी इन्सुलिन. चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. मुंबईपर्यंत गाडीने जाताना डिकीतही नको, कसारा घाट उतरेपर्यंत उन्हात ती चांगलीच तापते. कूलिंग पाऊचमध्ये, पण बर्फाला न चिकटवता, आईंच्या हातातल्या पर्समध्येच ठेवा. सोबत औषधांची जेनेरिक (ब्रँडची नव्हे, मूळ औषधाची) नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, म्हणून डोसच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तिथलं साखर मोजायचं मीटर वेगळ्या एककात (mmol/L) आकडा दाखवतं, आपल्याकडचं mg/dL मध्ये; म्हणून तिथे साखर ७ दिसली तर गोंधळू नका, १८ ने गुणा: आपल्या हिशोबात १२६. साखर एकदम कमी झाली तर लागणाऱ्या ग्लुकोजच्या गोळ्या मात्र आईंना स्वतःला पटकन काढता येतील अशाच ठेवा.