जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकू?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी लिहिते: "बाबांनी अमरावतीहून जुना लॅपटॉप आणला. ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्याचे अपडेट बंद झाले आणि ११ त्यावर चढत नाही. वर्गातले पोट्टे म्हणतात काली टाक, सर म्हणतात उबंटू. घरी नेट नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर भागवते. बाबा म्हणतात, फुकटची वस्तू टिकत नाही. मला पुढे सर्व्हरच्या कामात जायचंय. काय टाकू?"

बेटा, लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम; काली, उबंटू ही तिचीच वेगवेगळी रूपं. त्यातलं काली आधी डोक्यातून काढ. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे; नवशिक्यांनी रोजच्या कामाला वापरू नये, असं ते बनवणारेच सांगतात. काळ्या स्क्रीनवर पोट्टे भाव खातात, खाऊ दे.

राहिलेल्या नावांनीही गोंधळू नकोस. सगळ्यांच्या पोटात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं. डेबियन (१९९३) म्हणजे आजोबा, त्यावरून उबंटू (२००४), उबंटूवरून मिंट (२००६). तिघांतही सॉफ्टवेअर 'एपीटी'नेच टाकतात, म्हणून एकावर हात बसला की बाकीची दोन परकी वाटत नाहीत. फेडोरा दुसऱ्या घरातलं, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पाठबळावर चालणारं. चांगलं आहे, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि मधल्या काळात अपडेटचा मारा. तुझ्या डेटा पॅकला ते झेपायचं नाही. हा हिशेब यूट्यूबवाले सांगत नाहीत, कारण त्यांच्या घरी वायर आलेली असते.

तू मिंट टाक, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवालं. उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबीवर उघडेल, पण ब्राउझरमध्ये चार टॅब झाले की रडेल. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे तुझी पहिली नोकरी लागेपर्यंत चिंता नाही. पैसे जमले तर रॅमच्या आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसव. जुनी हार्ड डिस्क असेल तर फरक लगेच कळतो.

मिंट टाकायची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी, चांगलं नेट असेल तिथं उतरवून पेनड्राइव्हवर बूट होईल, म्हणजे लॅपटॉप तिच्यावरूनच सुरू होईल, अशी करून घे. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरून मिंट न टाकताच चालवून बघता येतं. वाय-फाय, टचपॅड, आवाज, तिन्ही तपास. मग फोटो, प्रोजेक्ट दुसरीकडे ठेव, कारण 'डिस्क पुसा' हा पर्याय विचारपूस करत बसत नाही. आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही धरत नाही. माझ्याकडे अर्ध्या इन्स्टॉलेशनमध्ये लाईन गेली होती. पहिल्यापासून सगळं करावं लागलं. लाईन जाण्याचं वेळापत्रक बघूनच बस.

बाबांना सांग, त्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. इथे पैसे लागत नाहीत ही बाजूची गोष्ट. मूळ मुद्दा असा की त्याचा कोड कुणीही उघडून बघू शकतो, दुरुस्त करू शकतो. मात्र टॅली शिकायचं असेल तर ते विंडोजवरच. त्यासाठी कॉलेजची लॅब वापर, लॅपटॉपवर दोन-दोन सिस्टिमचा संसार मांडू नकोस.

सर्व्हरच्या कामाचं म्हणशील तर मुलाखतीत तुझा डेस्कटॉप कुणी बघत नाही. फाइलच्या परवानग्या, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरून काम करणं), सर्व्हरवरची बंद पडलेली सेवा लॉग, म्हणजे तिच्या नोंदी, वाचून सुरू करणं, हे विचारतात. वर्षभर मिंटवर हेच घोट. मग रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्स सांभाळण्याच्या प्रमाणपत्र परीक्षेकडे बघ. ती पाठांतराची नाही, समोर बसून कामं करून दाखवायची असतात. तिच्या सरावाला रेड हॅटच्या लिनक्ससारखंच चालणारं अल्मालिनक्स मोफत मिळतं.

पेनड्राइव्हवरून चालवताना वाय-फाय दिसलंच नाही तर घाबरू नकोस. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू कर, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला मिळेल, आणि लॅपटॉपचं मॉडेल मला लिहून पाठव.